खालच्या कुणग्याचं पाणी

आमच्या आईला युरिया टाकता येत नाही, याबद्दल आमच्या घरात दुमत नव्हतं. रेडिओवर सांगायचे, कृषी सहायक सांगायचा, की खत टाकण्याआधी शेतातलं पाणी कमी करा, बांधाचं तोंड बुजवा आणि मग दोन-तीन दिवस पाणी हलू देऊ नका. आई बरोब्बर उलटं करायची. भरल्या पाण्यात मूठ मूठ युरिया फेकायची आणि तोंड तसंच उघडं ठेवून घरी यायची. मी तेव्हा रत्नागिरीला कॉलेजात जात होते, म्हणजे जगातलं सगळं कळण्याचं वय. भाट्याचा पूल ओलांडून एस.टी. गावाकडे वळली की मला शेतीतल्या चुका दिसायला लागायच्या. आईला मी त्या रोज सांगायचे आणि ती रोज म्हणायची, "विसरले गो बाय."

जमीन आमची जांभ्याच्या उताराला. घराच्या मागून सुरू होऊन खाली पऱ्यापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत, जिन्याच्या पायऱ्यांसारखे कुणगे. कुणगा म्हणजे भाताचा लहानसा तुकडा, कधी कधी तर बैलजोडी वळवायलासुद्धा जागा नसते. दोन कुणग्यांच्या मधल्या बांधाला आम्ही मेर म्हणतो. मेरेला एका बाजूला तोंड ठेवलेलं असतं, त्यातून वरच्याचं पाणी खालच्यात, खालच्याचं त्याच्या खालच्यात, असं करत पऱ्याला मिळतं. पाण्याला वाटणी कळत नाही. वरचे कुणगे आमचे होते आणि पऱ्याच्या अंगाचे, सगळ्यात खालचे, काकीचे.

काकी म्हणजे माझ्या सख्ख्या काकांची बायको, आईची धाकटी जाऊ. वाटणी झाली तेव्हा भाऊ-भाऊ एका फणसाच्या झाडावरून भांडले आणि ते भांडण मिटायच्या आधीच काका गेले. बाबा तेव्हा बोटीवर होते, कुठल्याशा परक्या बंदरात. काकांचे दिवस झाल्यावर काकीने आईला सांगून टाकलं, "वैनी, येणं-जाणं ठेवू, पण माझां मी बघीन." आणि बघितलं तिने. नाकावर माशी बसू न देणारी बाई. गणपतीला आमच्या परसातलं हळदीचं पान हवं असलं तर त्याच्या बदल्यात आधी दारात नारळ येऊन पडायचा. लावणीला आम्ही एकमेकींच्या शेतात जायचो, पण आम्ही तिच्याकडे जितकं वाकलो त्यापेक्षा ती आमच्याकडे थोडं जास्तच वाकायची. उपकार नावाची वस्तू तिच्या घराच्या पायरीवरून आत गेलेली मी कधी बघितली नाही.

तिची एकच मुलगी, ती लग्न होऊन अलोऱ्याला. दरसाल नवं भात भरडून झालं की काकी तांदळाचं गाठोडं एस.टी.त घालून लेकीकडे स्वतः घेऊन जायची. माहेरचा तांदूळ म्हणून. ती एक मिरवणूकच असायची. वाटेत भेटेल त्याला गाठोड्याला हात लावायला लावायची.

अठ्ठ्याण्णव साली बाबा बोटीवरची नोकरी सोडून कायमचे घरी आले. इतकी वर्षं ते पत्रांतून शेती करत होते. बांध घातला का, बी बदललं का, शेणखत वेळेवर गेलं का. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते. आता उंटावरून उतरले. पहिलं वर्ष त्यांनी नुसतं मेरेवर उभं राहून बघण्यात घालवलं आणि आईच्या उघड्या तोंडाची, म्हणजे मेरेच्या तोंडाची, त्यांना भयंकर चीड आली. "खत टाकतेस की समुद्राला नैवेद्य दाखवतेस?" असं ते म्हणाले. माझ्याच मनातलं बाबा बोलले म्हणून मला आनंद झाला.

त्याच्या पुढच्या वर्षी गावच्या शाळेत कृषी सहायक गोळ्या दाखवायला आला. युरिया आणि डीएपी एकत्र दाबून केलेल्या, चिंचोक्याहून मोठ्या, उशीसारख्या फुगीर. लावणी झाली की लगेच चार चुडांच्या, म्हणजे रोपांच्या जुड्यांच्या, मध्ये एक गोळी चिखलात बोटभर खोल खुपसायची. तिथे ती हळूहळू विरघळते, मुळं तिला लागेल तशी घेत राहतात, थेट लोंबी येईपर्यंत. पावसाने वाहून जायचा प्रश्नच नाही. पुन्हा वरून खत टाकायला नको. एकदा खुपसली की झालं. मात्र लावणी दोरीवर खुणा करून, अंतर मोजून करायची, कारण चार चूड चौकोनात आले नाहीत तर मधे म्हणजे कुठे, हे कळणार कसं?

दोरी म्हटल्यावर बाबा हरखले. त्यांनी नायलॉनच्या दोरीला लाल चिंध्या बांधल्या, एक अंतर अरुंद, एक रुंद, असं पाळीपाळीने. गाठी अशा मारल्या की वादळात बोट बांधली तरी सुटणार नाहीत. अरुंद चौकोनात गोळी, रुंद पट्ट्यातून चालायचं. जेवताना ताटात भाताच्या चार मुदी ठेवून त्यांनी आम्हाला ते समजावलं आणि मधे लिंबाची फोड ठेवली.

आईने मात्र हट्ट धरला. जी बाई नवऱ्याच्या कुठल्याही बेताला "बरां" म्हणून स्वतःला हवं तेच करायची, ती या वेळी उघड नको म्हणाली. कंबर मोडेल म्हणाली. बोटांची नखं जातील म्हणाली. गोळी खेकडे उकरतील म्हणाली, हे तर तिने तिथल्या तिथे रचलं होतं.

"अगं, वरून टाकलेला युरिया म्हणजे काय?" बाबा समजावत होते. "आठ दिवस सगळं हिरवंगार, नि मग गायब!"

"म्हायती हाय," आई म्हणाली. "इतकी वर्षं तसलाच नवरा सांभाळला."

बाबा मोठ्याने हसले आणि दुसऱ्या दिवशी जाऊन गोळ्यांची पिशवी घेऊन आले. युरियाचं नवीन पोतं त्या वर्षी आणलंच नाही.

लावणीला काकी नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी हजर. डोक्यावरून प्लास्टिकची खोळ, कमरेला खोचलेलं लुगडं. दोरीला बघून तिने आईकडे बघितलं आणि दोघी पदरात हसल्या. बायका दोरीवर चूड रोवत मागे मागे सरकत होत्या आणि त्यांच्या पुढ्यातल्या रुंद पट्ट्यातून मी आणि बाबा गोळ्या खुपसत येत होतो. काकीची जीभ काही गप्प बसायची नाही.

"भावोजी, भाताला ताप आलाय काय? जेवणाआधी द्यायची की जेवणानंतर?"

बाबा म्हणाले, "तुझ्या कुणग्यांनाही घे. पिशवीत उरतील."

"नको. माझां भात निरोगी हाय."

तेव्हा सगळ्या हसल्या. आई हसली नाही, हे मला दिसलं, पण तिची कंबर दुखत असेल असं वाटलं. काकीच्या दोन्ही कुणग्यांत आम्ही नेहमीच्या पद्धतीने, दोरीशिवाय, गोळीशिवाय लावणी करून दिली.

श्रावण आला आणि आमच्या शेताने कमाल केली. असं भात मी तोवर बघितलं नव्हतं. एकसारखं, काळंभोर हिरवं, वरच्या कुणग्यापासून खालच्यापर्यंत एकाच उंचीचं. रस्त्याने जाणारे थांबून विचारायचे आणि बाबा त्यांना खिशातून गोळी काढून दाखवायचे. खिशात ते दोन-तीन गोळ्या ठेवूनच हिंडत. आणि आमच्या शेवटच्या मेरेच्या खाली काकीचं भात पिवळं पडलं होतं. मेर म्हणजे जणू कुणी रंगाची हद्द आखली होती. फुटवे कमी, पानं टोकाशी करपल्यासारखी. माझ्या आठवणीत तरी तिचं भात कधी असं दिसलं नव्हतं. खालची जमीन, गाळाची, ती आपली आपणच पिकते, असंच आम्ही सगळे समजत होतो.

त्या वर्षी तिची लेक पहिलटकरीण होती. दिवाळीच्या सुमाराला बाळंतपणाला येणार होती. काकीने ज्येष्ठापासूनच सांगायला सुरुवात केली होती की बाळंतिणीला घरच्या नव्या तांदळाची पेज मिळेल, माझ्या शेतातल्या. दुकानचा तांदूळ त्या घराने कधी शिजवलाच नव्हता. आता भाताकडे बघून कुणालाही कळत होतं की पेज तर सोडाच, काकीचं स्वतःचं वर्षही त्यात निघणार नाही. आम्ही आमच्यातला तांदूळ दिला असता, हवा तितका दिला असता, पण तिला तो द्यायला जाण्याची हिंमत आमच्या घरात कुणाची होती?

एका सकाळी मी एस.टी.ला निघाले होते, तर काकी पाणंदीत उभी. तिने माझी ओढणी सारखी केल्यासारखं केलं आणि विचारलं, "आई बरी हाय ना गो?"

"बरी हाय. का?"

"नाय, सहज. काय बोलत नाय ना घरात? माझ्याबद्दल?"

"तुझ्याबद्दल काय बोलणार?"

"नाय, नाय. जा तू, गाडी येईल."

गाडी खरंच येत होती, मी धावले. तिचा चेहरा मला दिवसभर आठवत राहिला. मला वाटलं, बाई भाताच्या काळजीने खंगली.

आणि घरात आईचं काहीतरी बिनसलं होतं. बाबा शेताची स्तुती करायला लागले की ती उठून जायची. मासळी घेताना कोळणीशी भांडली, आमटीत मीठ दोनदा घातलं, आणि मी त्यावर बोलले तर म्हणाली, "तुमच्या गोळ्या घाला त्यात." मला राग आला. इतकं चांगलं शेत आणि हिला त्याचं कौतुक नाही! हिची पद्धत चुकीची ठरली म्हणून हिला झोंबलंय, असा मी निकाल देऊन टाकला. त्या वयात निकाल पटापट लागतात.

मग एका दुपारी, पाऊस जरा उघडला होता, बाबा आत वामकुक्षी करत होते. मागच्या पडवीतून ठोकल्याचा आवाज आला. मी जाऊन बघते तर गोणपाटाखालचं आदल्या वर्षीचं अर्धं पोतं उघडं पडलेलं. युरिया पावसाळी हवेने दगड झाला होता आणि त्याचा चुरा सगळीकडे सांडला होता. आई नव्हती. घमेलंही नव्हतं. मी चप्पलसुद्धा न घालता खाली गेले. आई आमच्या शेवटच्या कुणग्यात, अगदी मेरेच्या तोंडाशी पोटरीभर पाण्यात उभी राहून युरिया फेकत होती.

"आई! काय करतेस?"

"ओरडू नको."

"गोळ्या घातल्यात ना आपण? वर आणि हे कशाला? भात लोळेल सगळां! आणि तोंड उघडां ठेवून टाकतेस, सगळां खाली वाहून..."

तिथे माझं वाक्य आपोआप थांबलं. पाणी तोंडातून खळखळत काकीच्या पिवळ्या भातात उतरत होतं.

आईने एक मूठ टाकली, मग दुसरी टाकली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "हातात दिलां तर घेईल काय ती? पाण्याला नको कसां म्हणेल?"

मी मेरेवर बसले. आई सांगत होती, युरिया टाकता टाकताच. काका गेले त्या पावसाळ्यात काकीचं भात असंच पिवळं पडलं होतं. आईने खताचं पोतं पाठवलं, ते दारातूनच परत आलं. आई वैतागून आपल्या शेतात युरिया टाकायला गेली आणि त्या वैतागात तोंड बुजवायला खरंच विसरली. आठ-दहा दिवसांनी बघते तर काकीचं भात हिरवं. त्यानंतर ती कधी विसरली नाही. दरसाल चार मुठी जास्त टाकायची आणि तोंड उघडं ठेवायची. बाबा ओरडले, मी ओरडले, कृषी सहायकाने हात टेकले, पण या बाईने ताकास तूर लागू दिली नाही. गोळी आली आणि आमचं खत आमच्याच चिखलात राहिलं. बाबांना ते सांगायचं म्हणजे काकीची गोष्ट घरात उघडी करायची, आणि बाबांच्या पोटात काही राहत नाही. म्हणून ती गप्प राहिली आणि महिनाभर आतल्या आत जळत राहिली.

माझ्या आईबद्दल मला इतकं प्रेम त्याआधी कधी वाटलं नव्हतं. हे तिला सांगायला हवं होतं, पण मी फक्त म्हणाले, "मी टाकू काय थोडा?"

"वैनी."

आवाज खालून आला. काकी. ती मेरेच्या बुडाशीच बेणत बसली होती, भातातलं गवत उपटत, आणि मेरेच्या आडोशाने आम्हाला दिसली नव्हती. आता उठून उभी राहिली. हात कोपरापर्यंत चिखलाचे. तिने सगळं ऐकलं होतं, ते तिच्या तोंडावरच दिसत होतं. आईच्या हातातली मूठ तशीच राहिली. मला वाटलं, झालं! आता ही बाई कुदळ घेऊन तोंड बुजवणार आणि उद्यापासून येणं-जाणंही बंद.

"तोंडाशी टाकून काय होणार, वैनी?" काकी म्हणाली. "तोंडाकडचांच भात पितां सगळां."

आईने हातातली मूठ परत घमेल्यात सोडली.

"मला म्हायती नाय, असां वाटलां तुला? दरसाल तोंडाकडचां भात आधी काळां व्हायचां, मग सरकत सरकत खालचां. आणि त्याच्या आधी वर तू उभी असायचीस घमेलां घेऊन. माझे काय डोळे फुटलेत?"

"मग बोलली का नायस?" आईने कसंबसं विचारलं.

"बोलले असते तर परत करावां लागलां असतां. पाणी वर कसां चढवणार होते मी?"

असं म्हणून ती हसायला गेली, पण हसू तिच्या तोंडावर ठरेना. "यंदा आलां नाय, तेव्हा वाटलां, वैनी रागावली. भाताचां जाऊ दे गो. माझां काय चुकलां तां शोधत होते इतके दिवस. लावणीला मी त्या गोळ्यांना हसले तां लागलां काय तुला, असां वाटलां. कुणाला विचारू?"

आई त्या पाण्यातच रडायला लागली. माझी आई रडायची ती नेहमी चुलीशी पाठ करून, आवाज न करता. त्या दिवशी ती भर दुपारी, आकाशाखाली, हुंदके देऊन रडली, "तुझ्यावर कशाला रागावू गो मी, तुझ्यावर कशाला," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत.

पुढचं आधी सांगून टाकते. त्या वर्षी काकीचं भात सावरलं. आमच्यासारखं आलं नाही, पण पेजेपुरतं, वर्षापुरतं आलं. लेकीला मुलगी झाली आणि घरच्याच तांदळाची पेज मिळाली. पुढच्या लावणीला काकीच्या कुणग्यातही लाल चिंध्यांची दोरी पडली आणि आई स्वतः तिथे वाकून गोळ्या खुपसत होती, नखांबद्दल एक अक्षर न काढता. बाबांना आम्ही तिघींनी खरं काय ते कधीच सांगितलं नाही. काकीला शेवटी गोळ्यांचं महत्त्व पटलं, असं ते लोकांना सांगत राहिले आणि आम्ही त्यांना सांगू दिलं.

पण त्या दुपारी असं झालं. काकी मेर चढून वर आली. तिने आईच्या हातातून घमेलं काढून घेतलं, "बस तू, दमलीस," म्हणाली, आणि परत खाली उतरली. तिने आधी वरच्या मेरेचं तोंड बुजवलं, आपल्या कुणग्यातलं पाणी खाली सोडून कमी केलं, खालचं तोंडही चिखलाने बुजवलं, आणि मग युरिया टाकायला घेतला, पाठ आमच्याकडे करून, अगदी सावकाश, एकही चूड न वगळता. आई मेरेवर माझ्याशेजारी बसली होती. तिचे ओले पाय काकीच्या हद्दीत लोंबत होते. आम्ही दोघी बघत होतो. पहिला कुणगा झाला, दुसरा अर्धा झाला आणि घमेलं संपलं.

काकी थोडा वेळ तशीच उभी राहिली. रिकाम्या घमेल्यात बघत. मग तिने वळून आईकडे बघितलं आणि विचारलं,

"वैनी, अजून हाय काय गो घरात?"

काका गेल्यापासून आमच्या घराकडे तिने बदल्यात काही न देता मागितलेली ती पहिली वस्तू. आई उठली आणि त्या शेवाळलेल्या मेरेवरून, गुडघे दुखणारी माझी आई, घराकडे धावत सुटली. मी मागून ओरडत होते, "आई, हळू, पडशील," पण तिने ऐकलं नाही.